नेट कधी जातं?

फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : नेट कधी जातं? मोडेमवर कोणता दिवा लागलाय, हे नंतर. सकाळी जातं की दुपारी, पावसात की वाऱ्यात, रोज की मधूनच, एवढं घरच्या माणसानं नीट सांगितलं तर निम्मं काम शिडी लावण्याआधीच होतं.

गोंदिया–कोहमारा रस्त्यावरचं आमचं गोरेगाव. इथून नागझिऱ्याच्या अंगाला वळलं की धानाच्या बांध्या, एखादी बोडी आणि मग सागाचं रान. रानाकाठच्या टोल्यांवर, म्हणजे लहान वस्त्यांवर, मोबाइलची एक काडी दिसली तर दिसली. अशा घरांवर मी उपग्रहाच्या इंटरनेटच्या डिश बसवतो. गावात तिला छत्रीच म्हणतात.

असंच एक घर एका गुरुजींचं. छत्री बसवली एप्रिलात. जुलैत त्यांचा फोन आला, "भाऊ, पानी आला का नेट जाते जी." मी म्हटलं, पावसात जाणारच, थोडं थांबा. हे उत्तर खोटं नव्हतं, पण अपुरं होतं, आणि त्याची किंमत गुरुजींच्या घरानं तीन महिने मोजली.

हे नेट ज्यावर चालतं त्या केयू नावाच्या लहरींच्या पट्ट्यात उपग्रहाकडून येणाऱ्या लहरीची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर. मुसळधार सरीतले थेंब ती शोषतात, विखुरतात. वर जाणारी लहर सुमारे १४ गिगाहर्ट्झची, खाली येणारी ११-१२ची. वारंवारता जास्त तेवढा पावसाचा मार जास्त, म्हणून सरीत आपलं पाठवणं आधी अडतं. पण पावसानं गेलेलं नेट पावसाबरोबरच परत येतं. सर थांबून तासभर झाला तरी सिग्नल मीटरचा आकडा खालीच असेल, तर दोष पावसाचा नाही, पावसानं भिजवलेल्या कशाचा तरी आहे. गुरुजींना मी विचारायला हवं होतं, "आणि परत कधी येतं?" ते विचारलं नाही.

भिजणाऱ्या जागा मला पाठ आहेत. बाहेरच्या जोडावर टेप नीट नसेल तर पाणी केबलीच्या जाळीतून आत झिरपतं. जोड उघडला की तांबं हिरवं पडलेलं दिसतं. तेवढा तुकडा कापून नवा जोड बसवायचा, आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पाणी झोळावरून गळून जातं. कधी एलएनबीच्या, म्हणजे छत्रीसमोरच्या सिग्नल टिपणाऱ्या डबीच्या, तोंडावर कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. कोरड्या दिवसांत ते फारसं जाणवत नाही, ओली माती मात्र सिग्नल गिळते. गुरुजींच्या घरी मी जोड बदलला, एलएनबी बदलली, तरी आकडा वर येईना. मुळात तो किती वर यायला हवा, हेच मला आठवत नव्हतं. एप्रिलचा आकडा मी कुठेच लिहून ठेवला नव्हता. तीन डेसिबल घट म्हणजे ताकद निम्मी, आणि माणसाची आठवण तीन डेसिबल सांभाळत नाही. तेव्हापासून छत्री बसवली की निरभ्र आकाशातला आकडा तारखेसह मोडेमच्या मागे मार्करनं लिहितो. या कामात नव्यानं येणाऱ्या पोरांना मी हीच सवय आधी लावतो.

आमच्याकडे ज्याच्या दिशेनं अशा छत्र्या लावतात, त्या जीसॅट-११ची गोष्ट मी पोरांना नेहमी सांगतो. ५,८५४ किलोचा हा उपग्रह २०१८च्या सुरुवातीला फ्रेंच गयानातल्या कुरूला पोचला होता. त्याच सुमारास प्रक्षेपणानंतर जीसॅट-६एचा संपर्क तुटला. इस्रोनं जीसॅट-११ माघारी बेंगळुरूला आणला, पुन्हा तपासला, आणि ५ डिसेंबर २०१८ला तो वर गेला. आता तो विषुववृत्तावर, ७४ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. तिथे शिडी लावता येत नाही, म्हणून त्यांनी शंका होती तोवरच, जमिनीवर असतानाच तपासलं. मला शिडी लावता येते. मग मी न बघता पार्ट का बदलावा?

गोरेगावातून तो उपग्रह दक्षिणेच्या किंचित पश्चिमेला, सुमारे १९७ अंशांवर आणि क्षितिजापासून ६४ अंश उंच आहे. छत्री रोखायची ती तिथे. ७५ सेंटिमीटरच्या छत्रीची कड सव्वा सेंटिमीटर सरकली की रोख एका अंशानं चुकतो, आणि उपग्रहाच्या अंतरावर एक अंश म्हणजे सहाशे किलोमीटरांहून जास्त. म्हणून माझ्या पेटीत मीटरइतकाच मान गवंड्याच्या ओळंब्याला आहे. पाइप ओळंब्यात नसेल तर छत्री आडवी फिरवताना तिचा वरचा कोनही बिघडत जातो, आणि माणूस दिवसभर आकडा शोधत बसतो. होकायंत्रावर विसंबणार असाल तर टिनाच्या पत्र्यापासून आणि लोखंडी पाइपापासून दूर उभे राहा. वाऱ्यात नेट जात असेल तर नट बघायचे. वानरांचा कळप छतावरून गेल्यानंतर गेलं असेल, तर रोखच बघायचा. मात्र घरच्यांनी छत्री स्वतः फिरवू नये. ती सिग्नल पाठवतेही, आणि रोख चुकला तर शेजारच्या उपग्रहाच्या कामात अडथळा येतो.

काही तक्रारींत सिग्नलचा संबंधच नसतो. उन्हाळी धानाचे पंप एकदम सुरू झाले की व्होल्टेज पडतं, मोडेम बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि घरचे म्हणतात सिग्नल गेला. मोडेमला लॅपटॉप केबलीनं जोडून बघितलं की वायफायचा दोष वेगळा पडतो. व्हिडिओ कॉलमध्ये उत्तर अर्ध्या सेकंदानं येतं, त्याला इलाज नाही. प्रश्न वर जाऊन खाली येतो, उत्तरही तसंच, म्हणजे चार फेऱ्यांत जवळपास दीड लाख किलोमीटर. प्रकाशाच्या वेगालाही तेवढा वेळ लागतोच.

गुरुजींचा दोष शेवटी सूर्यानं दाखवला. वर्षातून दोनदा, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सूर्य आमच्याकडून पाहिलं तर बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. ऑक्टोबरात ही वेळ साडेबाराच्या जरा आधीची. चार-पाच दिवस, रोज काही मिनिटं, सूर्याच्या रेडिओ गोंगाटात उपग्रहाचा सिग्नल बुडून जातो. आकाश निळंशार आणि नेट बंद. "पानी नाही, वारा नाही, तरी गेला," असे फोन मला नवरात्राच्या आसपास दरवर्षी येतात. यात दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. पण त्या मिनिटांत छत्रीकडे जरूर बघावं. सूर्य आणि उपग्रह एका रेषेत असताना छत्रीवर जिथे सावली पडते, तिथून सिग्नलही अडतो. याहून स्वस्त आणि अचूक साधन मला माहीत नाही. (दिवाळीला घर रंगवताना छत्रीला चकचकीत रंग देऊ नका, तेही सूर्य असा समोर येतो म्हणूनच. खरखरीत रंग ऊन विखुरतो; चकचकीत छत्री ते एलएनबीवर गोळा करून तिला भाजते.)

२ ऑक्टोबरला मी त्या वेळी मुद्दाम गुरुजींच्या छतावर गेलो. छत्रीच्या वरच्या अर्ध्या भागावर पानांची सावली हलत होती. कुंपणाचा साग. एप्रिलात तो उघडा होता, नुसत्या काड्या. मला त्यातून आकाश दिसलं आणि मी पाइप तिथेच रोवला. जूनमध्ये त्याला सुपाएवढी पानं फुटली, पावसात ती ओली झाली. ६४ अंशांचा हिशेब सोपा आहे : झाड छत्रीपेक्षा जितकं उंच, त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त अंतर हवं. साग आठ मीटर वर आणि छत्री त्याच्यापासून तीनच मीटरवर. साग तोडायची गरज पडली नाही. पाइप चार मीटर मागे घेतला आणि आकडा साडेतीन डेसिबलनं वर आला. तो गुरुजींनी स्वतःच्या हातानं मोडेममागे लिहिला.

आता ते नव्या छत्र्यांबद्दल विचारतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सही केली, त्यात शेजारच्या गडचिरोलीचं नाव आहे. स्टारलिंकचे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरवरून सतत सरकत जातात, म्हणून उत्तर झटकन येतं. पण त्या छत्रीला झाडांमधलं एक भोक पुरत नाही, मोठं आकाश लागतं, पार २५ अंशांपर्यंत उतरणारं. दहा मीटर वर गेलेलं झाड तिथे २१ मीटर लांब हवं. गुरुजींच्या अंगणात उत्तरेला मोहाचं जुनं झाड आहे, त्याची फुलं वेचली जातात, त्याला कुणी हात लावणार नाही. तेव्हा तशी छत्री आलीच, तर वावराच्या बांधावर खांब रोवून बसवावी लागेल. केबलीसाठी आम्ही दोघांनी पावलं मोजून ठेवली आहेत : ओसरीपासून बेचाळीस.