हडपसरच्या दारांतील दिवे

पुण्याहून सोलापूरकडे निघालेल्या रस्त्याला हडपसरच्या गाडीतळाजवळ फाटा फुटतो. सरळ जाणारी वाट लोणी काळभोरकडे जाते, तर उजवीकडची दिवे घाट चढून सासवडला पोहोचते. आषाढी वारीत संत ज्ञानेश्वर महाराज आणि संत तुकाराम महाराज यांच्या पालख्या येथूनच वेगवेगळ्या मार्गांना लागतात. गाडीतळ म्हणजे गाड्या विसावण्याची जागा. आज तेथे पीएमपीच्या बसगाड्या थांबतात. नावाप्रमाणेच हे गाव येणाऱ्या-जाणाऱ्यांचे आहे आणि अशा गावात दाराशी लावलेल्या दिव्याला विशेष अर्थ असतो.

पुणे परिसरातील जुन्या घरांत या दिव्याची जागा घर बांधतानाच ठरे. दाराशेजारच्या भिंतीत कोनाडा आणि त्यात पणती. ओसरीच्या तुळईला अडकवलेला कंदील. ज्योत लहान असे, परंतु उंबरठा, पायरी आणि आलेल्या माणसाचा चेहरा या तिन्हींवर तिचा उजेड पडे. दिवेलागणीला प्रथम दार उजळे, मग घर.

गेल्या पंचवीस वर्षांत हडपसरचे रूप पालटले. शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन एकत्र करून मगरपट्टा सिटी उभारली. शेजारी अमनोरा आले. ससाणेनगर, भोसलेनगर, सातववाडी येथे इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. ओसरी गेली आणि तिच्या जागी लिफ्टसमोरची लॉबी आली. मुख्य दारातून आत पाऊल टाकताच चार फूट रुंदीचा, खिडकी नसलेला पॅसेज लागतो. भर दुपारीही तेथे अंधार असतो. गृहप्रवेशाच्या वेळी दिवाणखान्याच्या झुंबरावर आठवडे खर्च होतात. पॅसेजसाठी मात्र छताच्या मध्यावर एक होल्डर आणि त्यात हाती लागेल तो बल्ब, एवढ्यावर काम भागते.

ही उपेक्षा महागात पडते ती घरातील ज्येष्ठांना. वय वाढते तशी डोळ्याची बाहुली लहान होत जाते आणि भिंग पिवळसर पडते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत पोहोचणारा प्रकाश विशीतील तरुणाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश उरतो. उजेडातून अंधारात येताना डोळा स्थिरावण्यासही अधिक वेळ लागतो. सोलापूर रस्त्यावरच्या लखलखाटातून घरी परतलेले आजोबा अंधाऱ्या पॅसेजमध्ये शिरतात, तेव्हा पहिली काही पावले ते जवळजवळ अंदाजाने टाकत असतात; आणि नेमक्या त्याच जागी उंबरठा, पायपुसणे आणि चपलांचे कपाट असते. म्हणून प्रवेशद्वाराच्या दिव्याची निवड हा सजावटीच्या आधी सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो.

निवडीचा क्रम आधी प्रकाश, मग जागा आणि शेवटी आकार असा ठेवणे हिताचे. प्रकाशाचा हिशेब अवघड नाही. पॅसेजसाठी जमिनीवर १०० लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला १०० ल्युमेन, हा सर्वसाधारण आडाखा आहे. बारा फूट लांब आणि चार फूट रुंद पॅसेजचे क्षेत्रफळ सुमारे ४.५ चौरस मीटर भरते. त्यासाठी ४५० ल्युमेन लागतील. पण निम्मा प्रकाश भिंती, छत आणि दिव्याचे आवरण यांत खर्ची पडतो असे धरले, तर ९०० ल्युमेन घ्यावेत. एलईडीचा एक वॅट साधारण ९० ते १०० ल्युमेन देतो. अर्थात नऊ-दहा वॅट पुरेसे होतात. मात्र दहा वॅटचा एकच दिवा मध्यभागी लावण्यापेक्षा पाच-पाच वॅटचे दोन दिवे अंतराने लावले, तर माणसाची स्वतःची सावली स्वतःच्याच पावलांपुढे पडत नाही. त्यांपैकी एक दाराजवळ हवा.

दुसरी बाब प्रकाशाच्या रंगाची. खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन लिहिलेला दिवा उबदार, पिवळसर असतो. ६५०० केल्विनचा पांढरा, निळसर झाक असलेला. निळ्या एलईडीच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेक पांढऱ्या एलईडीमध्ये याच निळ्या प्रकाशावर पिवळ्या रसायनाचा थर देऊन पांढरा उजेड मिळवला जातो. दिवा जितका थंड पांढरा, तितका त्यात निळा अंश अधिक. आणि कीटक ओढले जातात ते मुख्यतः निळ्या व अतिनील प्रकाशाकडे.

हडपसरमध्ये हा मुद्दा केवळ पुस्तकी नाही. मुठेचा उजवा कालवा या वस्तीतून वाहतो आणि पलीकडे मांजरीची शेते आहेत. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेल्या वाळवीचे थवे दाराच्या दिव्यावर झेपावतात आणि सकाळी उंबरठ्यावर पंखांचा व मृत जीवांचा खच दिसतो. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या आणि चातुर्मासात अधिक यतना पाळणाऱ्या घराला हे दृश्य बोचल्याशिवाय राहत नाही. उबदार रंगाचा, कमी वॅटचा आणि प्रकाश केवळ खाली टाकणारा झाकलेला दिवा कीटकांचे येणे पूर्णपणे थांबवत नाही, पण ते पुष्कळ कमी करतो. माणसाची चाहूल लागल्यावरच उजळणारा सेन्सरचा दिवा असेल तर उत्तम. उरलेली रात्र अंधार आपला आणि जीव त्यांचे सुरक्षित राहतात. वर उघडे असलेले वाडगे-आकाराचे दिवे मात्र टाळावेत, कारण आत पडलेला कीटक सहसा बाहेर येत नाही.

जागेविषयी काही व्यावहारिक गोष्टी. लोंबता दिवा लावायचा असेल, तर त्याचे खालचे टोक जमिनीपासून निदान सात फुटांवर हवे आणि उघडणाऱ्या दाराच्या वाटेत ते येता कामा नये. चार फुटांच्या पॅसेजमध्ये भिंतीतून सहा इंच पुढे आलेला दिवा सामान नेताना खांद्याला लागतो. तेथे छताला चिकटून बसणारा, दुधी आवरणाचा पॅनेल बरा. आवरण दुधी असावे, कारण उघड्या एलईडीची तिरीप वृद्ध डोळ्यांना फार त्रास देते. दाराबाहेरचा दिवा चौकटीच्या वर किंवा बाजूला असावा. तो पाहुण्याच्या पाठीमागे असेल, तर भिंगातून पाहताना चेहरा काळोखा दिसतो आणि सेफ्टी डोअर असूनही आतल्या माणसाची शंका फिटत नाही. पावसाचे शिंतोडे येत असतील तेथे आयपी ४४ आणि थेट पाऊस लागत असेल तेथे आयपी ६५ दर्जाचा दिवा घ्यावा. इमारतीतील दाराबाहेरची भिंत बहुधा सामाईक असते. म्हणून गृहनिर्माण संस्थेची लेखी संमती घेऊन आणि वीज आपल्या मीटरवरून ओढूनच तेथे दिवा बसवावा. वाद पुढे निस्तरण्यापेक्षा एक अर्ज स्वस्त पडतो.

खरेदीसाठी हडपसरमध्ये दुकाने आहेतच. तरी अनेक कुटुंबे गाडीतळावरून बस धरून बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत जातात. विजेच्या सामानाची ही पुण्याची जुनी पेठ. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंनी छतापर्यंत लटकलेले दिवे आणि त्यांखाली मान वर करून उभी असलेली गिऱ्हाइके. येथे सावधगिरी एवढीच बाळगायची, की शंभर दिवे एकाच वेळी पेटलेल्या दुकानात कोणताही एक दिवा मंद भासतो आणि भडक दिवा मनात भरतो. म्हणून पॅसेजची लांबी, रुंदी आणि छताची उंची कागदावर लिहून न्यावी. दुकानदाराला शेजारचे दिवे क्षणभर बंद करण्याची विनंती करावी आणि दिव्याखाली सोबतच्या माणसाचा चेहरा पाहावा. खोक्यावर ल्युमेन, केल्विन आणि भारतीय मानक ब्युरोचे नोंदणी चिन्ह पाहावे. आतील एलईडी बदलता येतो की सगळा दिवाच टाकावा लागतो, हेही विचारून घ्यावे.

उरतो तो स्विच. पॅसेजच्या दोन्ही टोकांना टू-वे स्विच असेल, तर दिवा लावण्यासाठी अंधारातून जावे लागत नाही. घरात इन्व्हर्टर असल्यास दाराचा दिवा प्रथम त्यावर जोडायला वायरमनला सांगावे. वीज जाते तेव्हा सर्वांत आधी वाट दिसणे गरजेचे असते. खर्चाची धास्ती नको. दहा वॅटचे दिवे रोज पाच तास जळले, तर वर्षाला सुमारे १८ युनिट लागतात. पूर्वीचा ६० वॅटचा एक बल्ब त्याच हिशेबाने ११० युनिटांच्या घरात जात असे.

मगरपट्ट्यातील कार्यालयांतून रात्रपाळी संपवून परतणारी मुले पहाटे दोन-तीन वाजता घरी पोहोचतात. त्या वेळी इमारतींच्या खिडक्या काळोख्या असतात आणि आई-वडील झोपलेले. पाऊल वाजताच दाराशी एक पिवळसर दिवा उजळतो, कुलपाचे भोक दिसते, उंबरठा दिसतो. कोणालाही उठवावे न लागता लेक घरात येते आणि आतल्या खोलीत जागी असलेली आई कूस बदलून निश्चिंतपणे डोळे मिटते.