कोजेची कोजागिरी
(कोरियातली दैनंदिनी : भाग चौथा)

शुक्रवार, ३ ऑक्टोबर २०२५, ओकपो

सकाळी सहाला खिडकी उघडली तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. एरवी या वेळेला शिपयार्डच्या गणवेशातली माणसं सायकली आणि स्कूटर दामटत गेटकडे निघालेली असतात. आज ती अवाढव्य गोलायथ क्रेनसुद्धा हात खाली सोडून उभी. सात दिवस सुट्टी आहे. आज स्थापना दिन, सोमवारी छुसक आणि त्याच्या आगेमागे एकेक दिवस, त्यातला एक रविवारीच आला म्हणून बुधवारी त्याची भरपाई, आणि गुरुवारी लिपी दिन. नवऱ्याने कॅलेंडरवर रेघ ओढली आणि म्हणाला, ‘गणपती, दिवाळी आणि मे महिना एकत्र आलाय.’

छुसक म्हणजे त्यांच्या आठव्या चांद्रमासातली पौर्णिमा. अख्खा देश गावी जातो. शिमग्याला आपली लालपरी कशी भरते, तशी इथली झाडून सगळी वाहनं. जाताना हातात भेटीचं खोकं. आम्हालाही आलं: स्पॅमचे नऊ डबे. डुकराच्या मांसाचे हे डबे इथे काजू-बदामाच्या थाटात, मखमली कागदात देतात. आमच्या घरात ते कोणी खात नाही. मी ते कपाटात बेसनाच्या मागे ठेवले. गेल्या वर्षीचे सहा तिथे आधीच बसलेले होते.

लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या हालमोनी भेटल्या. हालमोनी म्हणजे आजी. नाव विचारायची पद्धत नाही. त्यांनी लेकीला विचारलं, ‘कोह्यांगी ओदियेयो?’ कोह्यांग म्हणजे आपण ज्याला गाव म्हणतो ते. राहतं घर नव्हे, मूळ गाव. लेक म्हणाली, नवी मुंबई. हालमोनींनी मान हलवली. ते नाही, आजोबांचे आजोबा कुठे पुरलेत ते. आता आमच्यात पुरत नाहीत हे लिफ्टमध्ये कसं समजावायचं! नवऱ्याने ‘संगमेश्वर’ सांगून सुटका करून घेतली. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि तिसरा मजला आला, म्हणून मी वाचले.

वाचले कसली. लेकीच्या शाळेने सुट्टीचा अभ्यास हाच दिलाय: तुमच्या कोह्यांगचं नाव हांगुलमध्ये लिहा आणि चित्र काढा.

शनिवार, ४ ऑक्टोबर, कोह्यन

डोंगरापलीकडच्या कोह्यनला गेलो. कोजे बेटावर दोन मोठी शिपयार्ड आहेत, एक आमच्या ओकपोत आणि दुसरं तिथे. पण बघायचं होतं ते युद्धकैद्यांच्या छावणीचं स्मारक. तीन वर्षं होत आली इथे राहून, आणि ‘पोरगी मोठी झाली की जाऊ’ म्हणत टाळलं होतं.

कोरियन युद्धात, १९५० च्या अखेरीपासून, या बेटावर अमेरिकनांनी एक लाख सत्तर हजारांपर्यंत कैदी कोंडले होते. बहुतेक उत्तर कोरियाचे आणि वीसेक हजार चिनी. आता तिथे तंबू, पुतळे, पडक्या भिंती आणि शाळेच्या सहली. कैद्यांमध्येच दोन तट होते, परत जायचं म्हणणारे आणि नाही म्हणणारे, आणि रात्री ते एकमेकांचे मुडदे पाडत. ७ मे १९५२ ला कैद्यांनी छावणीच्या प्रमुखालाच, जनरल डॉडला, आत ओढून ओलीस ठेवलं. लेक त्या देखाव्यापुढे बराच वेळ उभी होती. ‘त्यांचं भांडण कशावरून होतं?’ मी म्हटलं, गावाला जायचं की नाही यावरून. तिला ते पटलं नाही, पण दुसरं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

या गोष्टीचा पुढचा भाग एका मराठी माणसाकडे आला. १९५३ मध्ये युद्ध थांबलं तेव्हा परत जायला नकार देणारे साडेबावीस हजारांवर कैदी उरले. त्यांना सांभाळायला भारताची फौज आली आणि तिचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, कोल्हापूरकडच्या वडगावचे. दक्षिण कोरियाच्या तेव्हाच्या सरकारला भारतीय सैनिक आपल्या मातीवर पाय ठेवायला नको होते. म्हणून त्यांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने उचलून थेट दोन कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं. तिथे त्यांनी वसवलेल्या तळाचं नाव हिंद नगर. चिनी कैद्यांनी आपल्या एका मेजरला धरून ठेवलं तेव्हा थोरात स्वतः कुंपणाच्या आत गेले आणि त्याला घेऊन बाहेर आले.

काम काय, तर कैद्यांना तंबूत आणून त्यांच्या देशाच्या माणसांसमोर बसवायचं आणि विचारायचं: घरी जायचंय का? बहुतेकांनी नाही म्हटलं, काही उठून गेले. शेवटी अठ्ठ्याऐंशी जण असे निघाले की त्यांना ना उत्तर हवं होतं, ना दक्षिण, ना चीन, ना तैवान. १९५४ च्या फेब्रुवारीत ते आपल्या फौजेबरोबर भारतात गेले. काही पुढे दक्षिण अमेरिकेला गेले, काही भारतातच राहिले. त्यांच्या नातवंडांना शाळेत असा अभ्यास मिळाला तर ती काय लिहितील, हे नवरा गाडी चालवताना दोनदा म्हणाला.

रविवार, ५ ऑक्टोबर, ओकपो

आज हालमोनींच्या स्वयंपाकघरात चार तास. त्यांचे मुलगे सुवनहून निघालेत, रस्त्यात अडकलेत, सुना त्यांच्याबरोबर. मदतीला हात नव्हते म्हणून मला बोलावलं.

सोंगप्योन करायचे होते. तांदळाच्या पिठीवर त्यांनी उकळतं पाणी ओतलं, लाकडी पळीने ढवळलं आणि हात भाजत असताना मळायला घेतलं. मी बघतच राहिले. ही आपली उकड! फक्त आपण पीठ पाण्यात घालतो आणि झाकण ठेवतो, त्यांनी पाणी पिठात घातलं. सारण तिळाचं आणि साखरेचं. लिंबाएवढा गोळा, अंगठ्याने वाटी, सारण, आणि दुमडून अर्धा चंद्र. मोदकांच्या घाण्यात आई एक करंजी करतेच, मोदकाची बहीण म्हणून. तीच ही. खाली हळदीच्या पानाऐवजी पाइनच्या सुया पसरायच्या. वाफ धरली की सगळ्या घराला जंगलासारखा वास यायला लागतो.

चार-पाच केल्यावर मला राहवेना. एका वाटीला कळ्या पाडल्या, नऊ पडल्या, आणि नाक काढून त्यांच्यापुढे ठेवला. हालमोनींनी चष्मा लावला. मोदक उचलून उजेडाकडे धरला, फिरवला, आणि एवढ्या हसल्या की पिठाचा हात तोंडावर गेला. सुरेख सोंगप्योन करणारीला सुरेख मुलगी होते अशी इथे समजूत आहे. त्यांनी माझ्या लेकीकडे बघितलं, मोदकाकडे बघितलं, आणि ‘बरोबर’ अशा अर्थाने मान डोलावली. मोदक मधोमध ठेवूनच उकडला. तो फुटला नाही, हे माहेरच्यांच्या माहितीसाठी.

सोमवार, ६ ऑक्टोबर, छुसक

सकाळी हालमोनींकडे पितरांसाठी ताटं मांडली होती: मासा, फळं, भात, सोंगप्योन. मुलगे वाकून नमस्कार करत होते. आम्ही दारातूनच परतलो. श्राद्धाच्या घरी पाहुण्यांनी कधी जायचं नसतं, एवढं कळतं.

गेल्या वर्षी छुसक अनंत चतुर्दशीला आलं होतं. यंदा त्यांच्या पंचांगात अधिक महिना होता, म्हणून ते एक पौर्णिमा पुढे सरकलं आणि नेमकं कोजागिरीवर येऊन पडलं. लेकीचं म्हणणं, आपण कोजेत राहतो म्हणून इथे कोजागिरी. मी काही दुरुस्त केलं नाही.

दिवसभर पावसाची भुरभुर. संध्याकाळी दूध आटवायला ठेवलं. केशर आणि वेलची नेरुळहून आणलेली, चारोळी संपलेली. रात्री अकराला आईचा व्हिडिओ कॉल. इथे आणि तिथे साडेतीन तासांचा फरक, म्हणजे तिकडे साडेसात. सोसायटीच्या गच्चीवर सतरंज्या पडल्या होत्या. पारसिकच्या डोंगरावर दोन हात वर आलेला चंद्र आईने फोनमध्ये दाखवला, पांढरा ठिपका नुसता. आमचा चंद्र ढगात. आई म्हणाली, ‘थांब, आम्ही तुला दाखवतो आणि तू नैवेद्य दाखव.’ फोन गॅलरीत कठड्याला टेकवून ठेवला आणि स्क्रीनवरच्या नेरुळच्या चंद्राला ओकपोतलं दूध दाखवलं. नंतर बाराच्या सुमारास ढग फाटले, तेव्हा दूध संपलं होतं.

मंगळवार, ७ ऑक्टोबर, किमहे

बुसानकडे जाणारा कोगा पूल. एकूण ८.२ किलोमीटर, त्यातले ३.७ समुद्राखालच्या बोगद्यातून, सर्वात खोल ४८ मीटर. २०१० साली सुरू झाला. बांधणाऱ्यांत मुख्य दएवू, आणि आपल्या अटल सेतूचा एक भागही टाटा प्रोजेक्ट्सबरोबर त्याच दएवूने बांधलाय. लेकीने विचारलं, मग हा सेतू कुठे उतरतो? चिर्ल्याला म्हटलं असतं तर किती बरं झालं असतं. पूल दहा मिनिटांचा, रांग दोन तासांची. गाव गाठलेले लोक परत निघाले होते.

किमहेला राणी ह हवांग-ओकची समाधी. तेराव्या शतकातल्या ‘सामगुक युसा’त गोष्ट आहे की ती इ. स. ४८ मध्ये ‘आयुता’ देशातून बोटीने आली आणि सुरो राजाची राणी झाली. आयुता म्हणजे अयोध्या, असं दोन्ही सरकारं आनंदाने मानतात. मला शंका आहे. नावं जुळली म्हणून नकाशे जुळत नाहीत. पण टॅक्सीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत प्रत्येक जण आम्हाला ‘तुमची राणी’ म्हणून तिची गोष्ट ऐकवतो, आणि मीही आता नंदेची चौकशी झाल्यासारखी मान हलवते. समाधी साधी, हिरवा उंचवटा. बाजूला तिने आणला म्हणतात तो दगडी मनोरा.

खरं काम जुन्या बाजाराजवळ होतं. कारखान्यांतल्या परदेशी कामगारांमुळे तिथे नेपाळी, श्रीलंकन, उझबेक दुकानं आहेत. पोहे, तूरडाळ, हिंग मिळाले. चारोळी नाही.

बुधवार, ८ ऑक्टोबर, ओकपो

दिवसभर कपडे आणि झोप. संध्याकाळी बाबांनी फोन टीव्हीसमोर धरला: नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन. उड्डाणं डिसेंबरात. बाबा १९८७ ला सिडकोच्या घरात आले तेव्हा रेल्वेसुद्धा नव्हती, ती वाशीपर्यंत आली १९९२ ला. ‘आता तुम्ही घरासमोर उतराल,’ ते म्हणाले. कोरियाहून थेट विमान तिथे येईल की नाही हा तपशील त्यांच्या लेखी किरकोळ.

मला मात्र शाळेतली बाकावरची मैत्रीण आठवत राहिली. आम्हा सिडकोच्या पोरांना ‘गाव कुठलं?’ विचारलं की आम्ही सातारा, संगमनेर, मालवण सांगायचो, जिथे वर्षाला आठ दिवस जायचो. ती सरळ हात करून दाखवायची: ते काय, खाडीपलीकडे, कोंबडभुजे. वर्गात एकटीचंच गाव दिसण्यासारखं. तिच्या वडिलांनी १९८४ च्या जानेवारीत सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या आंदोलनात, दि. बा. पाटलांच्या मागे, जासईला गोळीबार पाहिला होता. त्या आंदोलनात पाच जण गेले. त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळायची योजना आली. नंतर विमानतळासाठी कोंबडभुजे, तरघर, चिंचपाडा, कोल्ही अशी दहा गावं उठली, उलव्याची टेकडी कापली, नदी वळवली. तिला मेसेज केला. उत्तर आलं: ‘बघतेय. आमची विहीर धावपट्टीच्या खाली की टॅक्सीवेच्या, यावरून घरात वाद चाललाय.’

गुरुवार, ९ ऑक्टोबर, लिपी दिन

राजा सेजोंगने १४४६ मध्ये हांगुल जाहीर केली, त्याची सुट्टी. अक्षराची सुट्टी देणारा देश मला आवडतो, एरवी कितीही तक्रारी असोत.

लेकीने अभ्यास काढला. चित्र आधीच झालं होतं: खाडी, गुलाबी फ्लेमिंगो, मागे इमारती. नाव उरलं. संगमेश्वर लिहायचं का म्हणून नवऱ्याने विचारलं. ती म्हणाली, तिथे मी दोनदा गेलेय. तिने लिहिलं नेरुळ. हांगुलमध्ये दोन चौकोन होतात. दुसऱ्यात तीन आडव्या रेघा नागमोडी जोडलेलं एकच अक्षर वर आणि खाली येतं, वरच्याचा र, खालच्याचा ल. ळ त्यांच्याकडे नाही, मी तिला सांगितलं, चालेल.

दुपारी हालमोनी डबा परत करायला आल्या, आत दोन नाशपाती. भिंतीवरचा कागद दिसला. चष्मा लावून त्यांनी वाचला, सावकाश, शेवटच्या अक्षराला जीभ मागे वळवून टाळूला टेकवत.

नेरुळ. स्वच्छ ळ. लोकलमधल्या घोषणेत येतो, त्याहून स्वच्छ.

लेकीने मला कोपराने ढोसलं. हालमोनींनी चित्रातल्या पाण्यावर बोट ठेवून विचारलं, तिथे मासे मिळतात का? म्हटलं मिळतात. मग त्या नाशपाती कशा कापायच्या ते दाखवायला स्वयंपाकघरात शिरल्या, आणि सुरी शोधताना त्यांना कपाटातले बेसनामागचे पंधरा स्पॅम दिसले.

(क्रमशः)