थंडीतलं ग्रीस

डिसेंबरात मोताळ्याच्या ट्रॅक्टर गॅरेजमध्ये सकाळी ग्रीसगन जड चालते. दांडा दाबला तरी ग्रीस नीट पुढे सरकत नाही. मिस्त्री गन उन्हात ठेवतो. तेवढा धीर धरायलाच हवा.

ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळ्यात धरलेलं तेल. डब्यावरचा घट्टपणाचा २ नंबर २५ अंश सेल्सिअसला मोजलेला असतो: ठरावीक शंकू त्यात २६.५ ते २९.५ मिलिमीटर रुततो. गारठ्यात तेल दाटतं, तेच ग्रीस घट्ट होतं.

 

गन गरम करायला ज्योत मात्र नकोच. आगीचा धोका असतो. पण ग्रीस सैल करावंच लागतं: मलकापूर रस्त्याने कापूस वाहणाऱ्या ट्रॉलीच्या पिनांपर्यंत ग्रीस पोचलं नाही, तर त्या लवकर झिजतात.