देण्यासारखं पुस्तक

वाचनालयातल्या जुन्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची एक चिठ्ठी चिकटवलेली असते. जांभळ्या शाईचे शिक्के. काही ठळक, काही पुसट, एखादा घाईत उलटा पडलेला. पुस्तक हातात आलं की मी आधी ती चिठ्ठी वाचते. पावसाळ्यातल्या तारखा दाट असतात. मध्येच दोन-तीन वर्षांची पोकळी दिसते. तेवढा काळ ते कपाटात नुसतं उभं होतं. मग अचानक कुणीतरी नेलेलं, आणि त्यानं परत करताच दुसऱ्या कुणीतरी. पहिल्यानं वाचून दुसऱ्याला सांगितलं असणार. नाव एकाचंही नसतं. तरी या ओळींवरून आपल्याआधी किती डोळे फिरून गेलेत ते समजतं, आणि वाचायला एकटं बसलं तरी एकटं वाटत नाही.

कागदी पुस्तक घ्यावं की ई-बुक, हा प्रश्न आता बहुतेक वाचत्या घरांतून निघतो. घरं लहान झाली. बिऱ्हाड हलवताना सगळ्यांत जड खोके पुस्तकांचेच निघतात. कॅनडात गेलेल्या लेकीला एखादी मराठी कादंबरी हवी असेल तर कागदाची प्रत पोचायला महिना लागेल, ई-बुक मिनिटभरात उघडतं. आणि आपल्याकडे तरी काय, कितीतरी तालुक्यांच्या गावी मराठी पुस्तकांचं एकही दुकान नाही. मी दोन्ही वाचते. दोन्हींवर माझा जीव आहे, पण सारखा नाही, आणि एकाच कारणानं तर मुळीच नाही.

ई-रीडरच्या पडद्याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. त्याच्या आत केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात आणि प्रत्येक कुपीत पांढरे नि काळे कण तरंगत असतात, एकमेकांच्या विरुद्ध विद्युतभाराचे. जिथे काळे वर येतात तिथे अक्षर उमटतं, जिथे पांढरे येतात तिथे कागद. एकदा उमटलेलं अक्षर टिकवायला वीज लागत नाही, पान बदलतानाच काय ती लागते. म्हणून ते यंत्र एकदा चार्ज केलं की आठवडेच्या आठवडे चालतं, आणि भर उन्हात गच्चीवर बसलं तरी अक्षर स्वच्छ दिसतं. अ‍ॅमेझॉनचं किंडल अमेरिकेत आलं नोव्हेंबर 2007 मध्ये. त्याच्या दुकानात मराठी पुस्तकं रीतसर यायला 2016 चा डिसेंबर उजाडला. तोवर मराठी वाचकाच्या वाट्याला बहुतेक स्कॅन केलेली करडी पानंच होती. बऱ्याच यंत्रांवर तर जोडाक्षरं फुटायची, वेलांट्या भलत्याच अक्षराला जाऊन चिकटायच्या. आपली लिपी तिथे धड दिसावी म्हणून ज्या माणसांनी वर्षानुवर्षं फाँट घडवले, त्यांचे आपण पुरेसे आभार मानलेले नाहीत.

माझ्या आईसाठी मी ते यंत्र घेतलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही तिला बारीक टाइप दिसेना, आणि संधिवातानं मनगटं अशी धरलेली की जाड बांधणीची कादंबरी दोन पानांतच छातीवर टेकायची. वाचन सुटलं तशी ती दुपारची खिडकीकडे बघत पडून राहायची. आता पहिलीच्या पुस्तकात असतात तेवढी मोठी अक्षरं करून ती वाचते. एका पानावर सात-आठच ओळी मावतात, त्यामुळे अंगठा सारखा चालू असतो. ती त्याला पाटी म्हणते. “पाटी चार्जिंगला लावलीस का गं?” असं तिनं आतून विचारलं की मला घर जागं झाल्यासारखं वाटतं. कागदाच्या स्पर्शाची आणि वासाची महती सांगणाऱ्यांनी अशा एखाद्या म्हाताऱ्या माणसाजवळ दुपारभर बसावं. स्पर्श आणि वास मलाही हवे आहेत, पण दिसणं त्याच्या आधी येतं.

कोशांचंही तसंच. मोल्सवर्थच्या कोशाची 1857 ची दुसरी आवृत्ती साठ हजार शब्दांची, मांडीवर घेतली तर पाय आखडावेत अशी. शिकागो विद्यापीठानं ती इंटरनेटवर खुली केली आहे. केतकरांच्या ज्ञानकोशाचे 23 खंड असेच खुले झाले, वाईला सिद्ध झालेला विश्वकोशही. रात्री लिहिताना एखाद्या शब्दापाशी अडलं तर अंथरुणातून न उठता तो शोधता येतो. कोशाकडे आपण विचारायला जातो आणि उत्तर घेऊन परततो. त्याला पडदा शोभतो. कादंबरीचं तसं नाही. तिच्यात राहावं लागतं, आणि राहायचं म्हटलं की जागा लागते. मला आवडलेलं वाक्य डाव्या पानावर, खालून चौथ्या-पाचव्या ओळीत आहे, हे पुस्तकाचं नाव विसरल्यावरसुद्धा मला आठवत असतं. पडद्यावर अक्षर मोठं केलं की ते वाक्य आपल्या जागेवरून उठून पुढच्या पानावर जातं. त्याला घर उरत नाही.

पण कागदाचं घर किती कच्चं, हे चिपळूणला जाऊन पाहावं. तिथलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 पासूनचं. जुलै 2005 मध्ये वाशिष्ठीचा पूर या वाचनालयात शिरला. त्यातून ते सावरलं, 2013 चं मराठी साहित्य संमेलन चिपळुणात भरलं तेव्हा यजमानपदही त्यानंच निभावलं. आणि 22 जुलै 2021 ला पुन्हा पाणी आलं. पुराच्या पाण्यात पुस्तकाचं काय होतं ते ज्यानं पाहिलंय तो विसरत नाही. कागद पाणी पिऊन फुगतो, फळीवरची पुस्तकं एकमेकांत अशी घट्ट रुततात की ओढून निघत नाहीत. पानापानांत गाळ बसतो. गुळगुळीत कागदावर छापलेली चित्रांची पानं एकमेकांना चिकटून बसतात. जुलैची हवा, दोन दिवसांत बुरशी धरते. नवी पुस्तकं पुन्हा विकत आणता येतात, देणगीतही मिळतात. पण शंभर वर्षांपूर्वी एखाद्या छोट्या छापखान्यानं काढलेलं चोपडं, बंद पडलेल्या मासिकाचा अंक, गावातल्याच कुणीतरी लिहिलेला गावाचा इतिहास, यांची दुसरी प्रत कुठून आणणार? अशा पुस्तकाला कागदावर एकटं सोडणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याची पानं स्कॅन होऊन दोन-चार ठिकाणी ठेवलेली असलीच पाहिजेत. पूर नसला तर वाळवी आहे, कसर आहे, आणि जुन्या स्वस्त कागदात तर आम्लच असतं, ते त्याला आतून ठिसूळ करत नेतं.

इतकं असूनही माझं मन कागदाकडे ओढतं, त्याचं कारण वेगळं आहे.

जुलै 2009 मध्ये अ‍ॅमेझॉननं जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं लोकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते असं कारण निघालं. पैसे परत दिले, पुढे कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफीही मागितली. त्या वाचकांत एक शाळकरी मुलगा होता. अभ्यासासाठी त्यानं पुस्तकावर टिपणं केली होती. टिपणं राहिली, पण ती ज्या ओळींवर केली होती त्या ओळीच गेल्या. पुढे 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा विकलेली सगळी पुस्तकं उघडायची थांबली. पैसे तिथेही परत मिळाले. पैशांचा प्रश्नच नाही. अशा दुकानातून बहुधा आपण पुस्तक घेतच नाही, वाचायची परवानगी घेतो, आणि ती आपल्या खात्याला बांधलेली असते. ती शेजारच्या काकूंना आठ दिवसांसाठी नेऊन देता येत नाही. मुलीच्या नावावर ठेवून जाता येत नाही.

माझे बाबा हायस्कुलात शिक्षक होते. त्यांच्या पुस्तकांच्या कपाटात आतल्या खिळ्याला दोऱ्यानं बांधलेली एक वही लटकत असे. पुस्तकाचं नाव, नेणाऱ्याचं नाव, नेल्याची तारीख, आणि शेवटचा रकाना परतीचा. कितीतरी ओळींत तो रिकामाच होता. आई त्यावरून चिडायची, बाबा म्हणायचे, “वाचत असतील.” ते गेल्यावर वर्षभरानं त्यांचे एक जुने विद्यार्थी दाराशी आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक. “सरांचं माझ्याकडे राहिलं होतं, ताई,” एवढंच म्हणाले. मी त्यांना चहा दिला आणि ते गेल्यावर पुस्तक उघडलं. समासात बाबांच्या शिसपेन्सिलीच्या खुणा होत्या, कुठे एखादा शब्द, कुठे प्रश्नचिन्ह. आणि त्यांच्या खाली निळ्या शाईत, दुसऱ्या अक्षरात, त्या प्रश्नांना दिलेली उत्तरं. एका ठिकाणी बाबांच्या मताशी चक्क वाद घातलेला. बाबांनी ते कधी वाचलं नाही. मी वाचलं, आणि दोघांच्या खाली माझंही लिहिलं.

तेव्हापासून माझा नेम ठरून गेला आहे. प्रवासाला, कोशांना, आईच्या दुपारींना, आणि वाचून सोडून द्यायच्या पुस्तकांना पडदा. जे पुस्तक वाचता वाचता कुणाची तरी आठवण होते, हे तिनं वाचायला हवं, हे त्याला दाखवायला हवं, असं ज्याच्याबद्दल वाटतं, ते मी कागदाचंच घेते. पडद्यावर वाचलेल्या पुस्तकानं असं झालं तर त्याची छापील प्रत मागवते. दोनदा पैसे पडतात, पण मराठीत हजार प्रतींची आवृत्ती संपायला वर्षं लागतात. त्यातली एक जास्त गेली तर लेखक-प्रकाशकांना तेवढाच आधार. पहिल्या पानावर नाव घालते, तारीख घालते, आणि देऊन टाकते.

तुमच्या घरी आजोबांच्या वेळचं, आता कुठेच न मिळणारं एखादं पुस्तक असेल तर ते जवळच्या मोठ्या ग्रंथालयाला दाखवा, त्याची पानं स्कॅन करू द्या. आणि कुणाकडून वाचायला आणलेलं पुस्तक कपाटात राहिलं असेल तर ते नेऊन द्या. कितीही वर्षं झाली असली तरी द्या, ती व्यक्ती नसेल तर तिच्या मुलांना द्या. जाताना आपलं एक पुस्तक बरोबर न्या.