वंशावळीचा कागद

पिल्लू आणावे म्हणून मी मांजरांची पैदास करणाऱ्या एका गृहस्थांकडे गेलो. आणली मात्र सहा वर्षांची पर्शियन मांजरी. पिल्ले देण्याच्या कामातून ती निवृत्त झाली होती. सोबत वंशावळीचा कागद मिळाला. त्यात तिच्या पणजोबांचेही भारदस्त नाव होते; मला माझ्या पणजोबांचे ठाऊक नाही! पण ही थोर कुळातील कन्या तीन दिवस कपाटाखालून बाहेर आली नाही. जन्म पिंजऱ्यात गेलेला. मोकळ्या खोलीचेच तिला भय. चपट्या नाकामुळे तिचे डोळे सदा पाझरत. ते पुसावयास, लांब केसांतील गुंता विंचरावयास मी जवळ जाई, तो ती अंग चोरून घेई. महिना असाच गेला. काल रात्री मी वाचीत बसलो असता पायाला काहीतरी मऊ लागले. पान उलटण्याचेही मला धैर्य झाले नाही.