गच्चीची किल्ली

शहरातला माणूस आकाशाकडे का बघत नाही, याची कारणं विद्वान मंडळी नाना परींनी सांगतात. कोणी रस्त्यावरच्या दिव्यांना दोष देतं, कोणी धुराला, कोणी मोबाइलला. माझ्या मते खरं कारण पितळी आहे, दोन इंच रुंद आहे आणि ते आमच्या सोसायटीच्या गच्चीच्या दाराला लटकलेलं आहे. कुलपाच्या पलीकडे अखिल विश्व. अलीकडे कोणाची तरी मोडकी तीनचाकी सायकल, रंगाचे रिकामे डबे आणि मी.

पुण्यापासून ऐंशीएक किलोमीटरवर, नारायणगावजवळ खोडदला, रेडिओ दुर्बिणीच्या तीस प्रचंड तबकड्या आहेत. प्रत्येक तबकडीचा व्यास पंचेचाळीस मीटर. जगभरचे शास्त्रज्ञ त्यांचा उपयोग करतात आणि अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी ऐकतात. ऐकोत बापडे. त्यांना आमच्या सेक्रेटरींकडे किल्ली मागावी लागत नाही.

गच्चीला कुलूप का, याला इतिहास आहे. इमारत नवी होती तेव्हा दार सताड उघडं असायचं. मग पोरांनी पतंगापायी टाकीचा नळ मोडला. मग एका एकतीस डिसेंबरला तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरू तरुणांनी वर नववर्षाचं स्वागत केलं आणि त्यातली एक रिकामी बाटली शेजारच्या बंगल्यातल्या तुळशीवृंदावनापाशी उतरली. दुसऱ्या दिवशी कुलूप आलं. ते तरुण लवकरच गेले, बंगलाही पडला, वृंदावनाच्या जागी आज बारा मजले उभे आहेत. कुलूप मात्र आहे तिथेच आहे.

किल्ली हवी असेल तर कारण सांगावं लागतं. सेक्रेटरींच्या वहीत त्यासाठी रकाना आहे. ‘टाकी’, ‘सोलर’, ‘डिश’ आणि ‘वाळवण’ ही चार कारणं मान्य आहेत. मी पहिल्यांदा गेलो आणि म्हणालो, “चांदण्या बघायच्यात.”

त्यांनी चष्मा वर केला. “चांदण्या? काय झालंय त्यांना?”

“काही नाही. बघायच्यात.”

“बरोबर कोण आहे?”

“कोणी नाही. एकटाच.”

हे ऐकून त्यांचा संशय अधिकच वाढला. शेवटी त्यांनी वहीत ‘टाकी’ असं लिहिलं आणि किल्ली दिली. तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या दप्तरी माझ्याइतका टाकीची काळजी वाहणारा सभासद दुसरा नाही.

आता काही गोष्टी आभाळात अशा असतात की त्यांना सवड असते. चंद्राला असते, गुरूला असते. पण आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक डोक्यावरून जायचं असलं की फार धांदल उडते. ते जमिनीपासून सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून, ताशी अठ्ठावीस हजार किलोमीटर वेगाने जातं आणि आपल्या आभाळात जास्तीत जास्त सहा मिनिटं दिसतं. सेक्रेटरींना चप्पल सापडायला सात लागतात. मी दारात उभा, ते आत वाकून पलंगाखाली बघतायत, आणि वर माणसांनी भरलेलं ते घरकुल ठाण्यावरून निघून सोलापूरकडे चाललेलं, अशी गत कितीदा झाली! “पुढची गाडी कधी?” असं त्यांनी एकदा मला अगदी आस्थेने विचारलं. स्टेशन म्हटल्यावर माणसाने दुसरं काय विचारावं?

वर्षातून एका रात्री मात्र गच्ची सर्वांना खुली असते. ती म्हणजे कोजागिरी. सतरंज्या येतात, मसाला दुधाचं पातेलं येतं, अंताक्षरी होते. आणि नेमकी हीच रात्र अशी, की पूर्ण चंद्राच्या उजेडात तारे म्हणून दिसत नाहीत! चांदणं म्हणजे चांदण्या नव्हेत, हे आमच्या सोसायटीला कोणी समजावावं? बाकी चंद्राकडे तरी कोण बघतं म्हणा. त्याचं प्रतिबिंब दुधात पडलं की नाही एवढं बघतात, आणि ते साय आली म्हणून दिसत नाही.

तळमजल्यावरच्या आजी सोडल्या तर या बाबतीत मला कोणाचा आधार नाही. आजींचं वय पंच्याऐंशी. सेक्रेटरी त्यांना भितात, कारण लहानपणी त्यांनी त्यांना शिकवलेलं आहे. ‘वाळवण’ या सदरात किल्ली मागण्याचा अधिकार इमारतीत आता आजींनाच उरलाय. बाकीच्यांच्या कुरडया बचत गटाकडून येतात. उन्हाळ्यात आजींची परात, पापड्यांचं प्लॅस्टिक आणि लोणच्याची बरणी वर नेऊन देण्याचं काम मी आपण होऊन पत्करलं. अशाच एका मे महिन्यात, चौदा तारखेला, दुपारी साडेबाराला मी त्यांना मुद्दाम वर थांबवून घेतलं.

“आजी, बरणीची सावली बघा.”

आजींनी बघितलं. एका बाजूला बघितलं, दुसऱ्या बाजूला बघितलं. बरणी भर उन्हात उभी, आणि सावली नाही.

पुण्यात हे वर्षातून दोनदा होतं. मेच्या मध्याला सूर्य उत्तरेकडे जाताना बरोबर आपल्या माथ्यावर येतो, आणि जुलैअखेरीस परत फिरताना पुन्हा येतो. जुलैतला ढगांत जातो, म्हणून हातात येतो तो मेमधलाच. कर्कवृत्ताच्या उत्तरेकडे राहणाऱ्यांना, म्हणजे दिल्लीकरांना, हे सुख जन्मात नाही. मी हे सगळं सांगत होतो. आजी मात्र स्वतःच्या पायांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “पंच्याऐंशी वर्षं हे होतंय, आणि मला कोणी सांगितलं नाही?” त्या आवाजात तक्रार होती, आणि ती कोणाविरुद्ध होती ते मला अजून कळलेलं नाही.

आजींनी त्याचा सूड जूनमध्ये घेतला. सात तारखेला सकाळीच दारात. “आज मृग लागणार. चल, दाखव तुझं ते मृग.” आता आली का पंचाईत! मृग नक्षत्र लागलं म्हणजे सूर्य मृगात गेला. म्हणजे ते हरीण सूर्याच्या अंगणात, त्याच्याबरोबर उगवणार आणि त्याच्याबरोबरच मावळणार. मृगाचा पाऊस पडतो त्या दिवसांत आकाशातलं मृग काही केल्या दिसत नाही. ते बघायचं तर हिवाळ्याच्या रात्री. पुढे आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य यांचंही तेच. ज्यांच्या नावाने आपण चिंब भिजतो ती नक्षत्रं त्या वेळी उन्हामागे लपलेली असतात. आजींनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे आज नाहीच का दाखवत?” मग पंचांग उघडून नक्षत्राचं वाहन पाहिलं. बेडूक होतं. त्यांनी छत्री काढली आणि मला ढगांच्या भरवशावर सोडून भाजीला गेल्या.

डिसेंबरात मात्र दाखवलं. चार पायांचे चार तारे, पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण, आणि खाली डावीकडे, बाणाच्या रेषेत, तो मारणारा व्याध. रात्रीच्या आकाशातला सगळ्यांत तेजस्वी तारा. याच मृगावरून लोकमान्यांनी वेदांचा काळ काढला आणि १८९३ साली ‘ओरायन’ प्रसिद्ध केलं. त्यांच्या वेळी पुण्यात वाडे होते, अंगणं होती, वर बघायला किल्ली लागत नव्हती. आज लोकमान्य आमच्या इमारतीत असते तर वहीत ‘टाकी’ असं लिहून वर गेले असते का? मला नाही वाटत. त्यांनी कुलपावरच अग्रलेख लिहिला असता.

मध्यंतरी मी एक छोटी दुर्बीण घेतली. साध्या द्विनेत्रीतूनही गुरूचे चार चंद्र दिसतात, ते गॅलिलिओने १६१० साली पाहिले तेच. पण गच्चीवर रात्री दुर्बीण घेऊन उभा असलेला प्रौढ गृहस्थ, हे दृश्य समोरच्या इमारतीतून वेगळं दिसतं. तिसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली: ‘सभासदांनी गच्चीवर दुर्बीण वापरताना ती वरच्या दिशेस धरावी.’ सूचनेखाली नाव नव्हतं, पण फलकासमोरून जाताना सगळे माझ्याकडेच बघत. ही तर आठवडाभर खाली भाजी घ्यायला गेली नाही.

या सगळ्यात एक रात्र वेगळी गेली. ५ एप्रिल २०२०. टाळेबंदीचा बारावा दिवस. रात्री नऊला नऊ मिनिटं घरातले दिवे मालवून पणत्या लावायच्या होत्या, आणि सेक्रेटरींनी, आपण होऊन, गच्ची उघडली. माणसं तोंडाला फडकी बांधून, एकमेकांपासून लांब लांब उभी. हनुमान जयंती तीन दिवसांवर, चंद्र जवळजवळ पुरा. नवाच्या ठोक्याला चहूकडच्या खिडक्या एकेक करून विझल्या आणि पश्चिमेला, बऱ्यापैकी खाली, एक टपोरा दिवा तेवढा राहिला.

“विमान!” दुसऱ्या मजल्यावरचा चिंटू ओरडला.

“विमानं बंद आहेत, बाळा,” त्याचे वडील म्हणाले. आणि मग सगळी गच्ची माझ्याकडे वळली.

इतक्या वर्षांत मला कोणी काही विचारलं नव्हतं. मी सांगितलं, तो शुक्र. त्याच्या खाली, डोळे बारीक करून बघा, पुंजका दिसतो त्या कृत्तिका. परवाच शुक्र त्यांच्यामधून गेला, आणि असं दर आठ वर्षांनी होतं. पंधरा-वीस माणसं पणत्या हातात धरून, माना वर करून ऐकत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची मुलगी एका रुग्णालयात नर्स. अकरा दिवस ती घरी आली नव्हती. वहिनींनी हळूच विचारलं, “तिकडून तिला दिसत असेल का हो हा?”

“पश्चिमेला उघडं असेल तर नक्की दिसेल.”

त्यांनी फोन लावला. बराच वेळ वाजला. मग पलीकडून धापा टाकल्यासारखा आवाज आला, चालल्याचा, दार ढकलल्याचा. मग वहिनी आम्हाला म्हणाल्या, “दिसला तिला. पार्किंगमध्ये आलीय.” कोणी काही बोललं नाही. आई आणि मुलगी दोघी फोन कानाला लावून गप्प उभ्या होत्या, एकाच ठिकाणी बघत. नऊ वाजून नऊ मिनिटांनी दिवे परत आले. पंख्याखाली जायची घाई झाली, आणि साडेनऊला कुलूप लागलं.

त्याच वर्षी २१ डिसेंबरला गुरू आणि शनी इतके जवळ आले की नुसत्या डोळ्यांना एकच जाडसर तारा वाटावा. या वेळी किल्ली घेऊन सेक्रेटरी स्वतःच माझ्या दारात. त्यांची मकर रास, साडेसाती चालू. “आपटणार नाहीत ना?” मी म्हटलं, दिसायला जवळ, पण एकमेकांपासून सत्तर कोटी किलोमीटरहून जास्त लांब आहेत, यापूर्वी इतके जवळ १६२३ साली आले होते. “तेव्हा सोसायटी नव्हती,” असं म्हणून त्यांनी सुस्कारा सोडला, आणि दुर्बिणीतून कितीतरी वेळ बघत राहिले. वरच्या दिशेसच.

आता इमारत पाडून नवी व्हायची आहे. हात लांब करून मूठ धरली की आकाशाचे साधारण दहा अंश झाकले जातात. पश्चिमेकडच्या त्या बारा मजल्यांनी आमच्या साडेतीन मुठी केव्हाच घेतल्यात. आमचा शुक्र गेला तो त्यांत. सभेत कार्पेट एरियावर दोन तास चर्चा झाली, पार्किंगवर तीन. शेवटी मी उठून विचारलं, “नव्या गच्चीची किल्ली कोणाकडे राहणार?”

बिल्डरचा माणूस हसला. वर सोलरची पॅनेलं, टाक्या आणि लिफ्टची खोली. सभासदांना वर जायचं कारणच नाही. त्याऐवजी चौथ्या मजल्यावर बाग देणार, बाकं देणार.

“तिथून आकाश किती दिसेल?” हे विचारलं आजींनी. मी नाही.

त्याने कागद उलटेपालटे केले. आकाश कुठल्याच कागदात नव्हतं. “आज्जी, लिहून घेतो,” म्हणाला. “लिहून घेतो नाही, करारात घाल,” आजी म्हणाल्या. सेक्रेटरी उठले. मला वाटलं, आता आजींना खाली बसवणार. ते म्हणाले, “मुद्दा क्रमांक सतरा. गच्चीचा काही भाग मोकळा ठेवावा, आणि तो रात्री अकरापर्यंत सर्व सभासदांना खुला असावा. ज्यांची संमती असेल त्यांनी हात वर करावेत.” वहिनींचा हात पहिला वर गेला. एकूण चौदा हात. विरोधात दोन, आणि एक जण झोपलेला.

करार अजून सह्यांसाठी फिरतोय. सतरावा मुद्दा त्यात टिकतो की नाही ते बघायचं. घरं मार्चअखेर रिकामी करायची आहेत. परवा सेक्रेटरींनी येऊन किल्ली माझ्या हातात ठेवली. “राहू दे तुमच्याकडेच. पाडायचंच तर आहे.” वहीसुद्धा दिली, आठवण म्हणून. मी चाळून पाहिली: टाकी, टाकी, सोलर, टाकी, वाळवण, टाकी.

सध्या रात्री नऊपर्यंत मृग चांगलं वर येतं. काल मी वर होतो तर जिन्यात चपलांचा आवाज. सेक्रेटरी. स्वेटर, कानटोपी.

“तो बाण म्हणता तो कुठला हो?”

मी दाखवला.

“आणि हरीण मेलं का मग?”

“अजून नाही,” मी म्हटलं, “तसंच आहे.”

“बरं आहे,” म्हणाले, आणि रंगाचा एक डबा पालथा घालून त्यावर बसले.