बापाचा शर्ट

शर्टाचं एक बटन लावायला किती पायऱ्या लागतात, हे मी वयाच्या बाविसाव्या वर्षी पहिल्यांदा मोजलं. उजव्या चिमटीत बटन धरायचं, डाव्या हाताने काजाची पट्टी ताणायची, दोन्ही जवळ आणायचं, बटनाची कड काजात घालायची, ढकलायचं, चिमटी सोडायची, पलीकडून निघालेली कड दुसऱ्या चिमटीत पकडायची, ओढायचं. आठ भरल्या. टाचणाच्या वहीत हे 'कार्य विश्लेषण' म्हणून सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि मला वाटलं, आता पोरगा शिकलाच.

विशेष शिक्षणाची पदविका करताना माझे सराव पाठ राजापेठेतल्या एका शाळेत होते. चौकातला ऑटोंचा गोंगाट वर्गाच्या खिडकीपर्यंत यायचा. माझ्या वाट्याला आलेला मुलगा अकरा वर्षांचा. दप्तरातून डबा काढायचा, चप्पल बरोबर जोडीने ठेवायचा, पण शर्ट रोज आई घालून द्यायची. प्रवेशाच्या कागदावर तेव्हा 'मतिमंद' असं लिहीत. २०१६ च्या कायद्याने 'बौद्धिक अक्षमता' हा शब्द दिला, १९९५ च्या कायद्यातले सात प्रकार वाढून २१ झाले. शब्द बदलला ते बरंच झालं. एका शब्दात अख्खं पोर बसवायची सवय लागते माणसांना.

आम्हाला मूल्यमापनासाठी मद्रासला तयार झालेली एमडीपीएस ही पद्धत शिकवली होती. त्यात १८ विभाग, प्रत्येकात २० विधानं, एकूण ३६०. मला तिच्यातलं सगळ्यात आवडलं ते हे, की प्रत्येक विधान 'हे मूल काय करतं' असं विचारतं. शिकवायला सुरुवात जिथून करायची ती जागा या होकारातच सापडते.

मी लाकडी चौकटीवर कापड ताणून मोठाली बटनं शिवली आणि चौकट त्याच्यापुढे टेबलावर ठेवली. तीन आठवड्यांत तो भराभर बटनं लावू लागला. मी खुशीत त्याच्या अंगातल्या शर्टाकडे बोट केलं, तर त्याची बोटं जागच्या जागी थिजली. पुन्हा चौकट दिली, लावली. शर्ट, नाही.

त्या रात्री मी स्वतःच्या भावाचा शर्ट खुर्चीला अडकवून समोर बसले तेव्हा चूक दिसली. मुलग्यांच्या शर्टाची बटनं अंगावर उजव्या हाताला असतात. समोर टेबलावर मांडली की तीच डावीकडे येतात. मी त्याला तीन आठवडे दुसऱ्याच्या शर्टाची बटनं लावायला शिकवत होते. आपल्या डोक्यात हा उलटा-सुलटा हिशेब आपोआप होतो, म्हणून तो कुणाला शिकवावा लागतो हे आपल्याला सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या आईला म्हटलं, घरात एखादा जुना, मोठा शर्ट असेल तर आणा. तिने बापाचा आणला. गणवेशावरून घातला, बाह्या दुमडल्या, बटनं काढून चांगली रुपयाएवढी शिवली, काजं वाढवून घेतली. आणि मी समोरची खुर्ची सोडून त्याच्या पाठीमागे उभी राहिले, म्हणजे माझे हात त्याच्या हातांच्याच दिशेने यावेत. पहिल्या सात पायऱ्या माझ्या, शेवटचं ओढणं त्याचं. आम्ही याला उलटी साखळी म्हणतो. काम पुरं झाल्याचा आनंद पोराच्या बोटांना मिळायला हवा, म्हणून शिकवणं शेवटाकडून सुरू करायचं. मग शेवटच्या दोन त्याच्या, मग तीन.

निरीक्षण पाठाच्या दिवशी मात्र मी घाबरले. मागच्या बाकावर मार्गदर्शक बाई, तास संपत आलेला, आणि पोरगा काजाशी अडलेला. माझा हात गेला. बटन लागलं. पोराने दोन्ही हात खाली सोडून दिले, आणि तास संपेपर्यंत ते वर आलेच नाहीत. बाईंनी वहीच्या समासात दोनच शब्द लिहिले होते: 'हात मागे.' नंतर कित्येक वर्षं मी वर्गात पाठीमागे हात बांधून उभी राहत आले आहे.

त्याची आई एकदा म्हणाली होती, "मीच लावून देतो मॅडम, सकाळी घाई असते. पन माह्या मागं कोन लावून देईन?" हा प्रश्न आमच्या जिल्ह्याला नवा नाही. परतवाड्याजवळ वज्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या अपंग मुलांना आपलं नाव दिलं, आणि अठरा वर्षं झाली की बालगृहातून बाहेर काढायच्या नियमाविरुद्ध ते सतत बोलत आले. त्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली तेव्हा मला त्या आईचा चेहरा आठवला.

सराव संपायला चार दिवस होते. पोरगा वर्गात उशिरा आला, गणवेशाची बटनं एक काज चुकून लागलेली, कॉलर एका बाजूला चढलेली. मी आईकडे पाहिलं.

"चौकात ऑटोवाला हॉर्न वाजवून राह्यला होता मॅडम," ती म्हणाली. "म्या म्हटलं, थांब ना भाऊ जरासा, माह्या पोराचं बटन लागून राह्यलं."